जाड रेघेची कबुली

प्रति,
मा. नगररचना अधिकारी,
महानगरपालिका.

विषय : शहराची हद्द आणखी सहा किलोमीटर बाहेर सरकवू नये व माझा गुन्हा नोंदवून घ्यावा याबाबत.
संदर्भ : सोमवारच्या सुनावणीची सूचना.

महोदय,

१. मी आपल्याच नकाशा शाखेत एकवीस वर्षे आरेखक आहे. शिक्षण बेताचे, हात मात्र पक्का. म्हणून पुढील प्रकार हात थरथरून झाला असे कोणी समजू नये.

२. बारा वर्षांपूर्वी हद्दीचा नकाशा मी काढला. माझ्या मेहुण्यांची जागा हद्दीबाहेर पस्तीस मीटरवर होती. मी बाहेरच्या अंगाने दोन मिलिमीटर जाडीची रेघ ओढली. त्या नकाशाच्या प्रमाणात ती जमिनीवर चाळीस मीटर भरते. रेघेखाली आले ते आत, हा आपल्या कार्यालयाचा रिवाज. बहिणीचे घर झाले.

३. मग शेजारचा म्हणाला, यांचे आत तर माझे का नको? बरोबरच होते त्याचे. असे करत तिथे अकराशे घरे उठली. ना बस, ना दुकान. काडेपेटी संपली तरी गाडी काढावी लागते. परवा सकाळी मी तिथल्या तिठ्यावर दोन तास उभा राहून मोजले. शहराकडे सहाशे चाळीस गाड्या गेल्या, बहुतेक गाड्यांत एकच माणूस. कामाची जागा बावीस किलोमीटरवर. एका गाडीत बहीण होती, दुसरीत मेहुणे. तिने हात केला. मी नजर चुकवली.

४. शहर पसरले की मोकळा श्वास घेईल, असे आपल्या प्रस्तावात आहे. हे लिहिणाऱ्याने त्या तिठ्यावर नाक उघडे ठेवून उभे राहावे. बसथांब्यापासून चालत जाता येईल असे तीनशे अकरा भूखंड हद्दीच्या आत रिकामे पडले आहेत. आधी ते भरा. माणूस कामाजवळ राहिला की धूर घटतो, कार्बन घटतो. त्यासाठी रोपाला पाणी घालतानाचे फोटो लागत नाहीत.

५. हा अर्ज देणार असे बहिणीला सांगितले. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, "दादा, पुसायचीच होती ती रेघ, तर वीट चढायच्या आधी पुसायचीस."

सबब, नवा प्रस्ताव माझ्याच नकाशावर उभा असल्याने तो थांबवावा. झालेल्या वस्तीला बस द्यावी. माझ्यावर हवी ती कारवाई करावी, मी काही नाकारणार नाही. मात्र बहिणीच्या घराला नोटीस निघाली, तर ती शिपायाकडून पाठवू नये. माझ्या हाती द्यावी. मी जाऊन देईन.

अपराधी, तरीही आपला नम्र,
आरेखक, नकाशा शाखा
दिनांक : सुनावणीआधीचा शुक्रवार

सोबत : मूळ मोजणी, मी काढलेला नकाशा, गाड्यांच्या मोजणीचे टिपण.