खिडकीची काच आणि कामगारांचं मन

६ जानेवारी १९३६, लिन, मॅसॅच्युसेट्स
आजपासून रोज लिहिणार. माझ्या पुस्तकाला कच्चा माल लागेल. नाव ठरत नाही, पण प्रकरणं ठरली: छडी, घड्याळ, कान. या बुटांच्या कारखान्यात आधी मुकादम नुसता खेकसायचा. मग मी स्वतः दहा वर्षं स्टॉपवॉच घेऊन, वेळ मोजत, कामगार बायकांच्या मागे उभा राहिलो. तेव्हा वाटायचं, कामगार म्हणजे हात. चूक. कामगार म्हणजे मन! आता मी फक्त ऐकतो. मालक थेअरसाहेबांनी खोली दिली, दारावर पाटीही लावली. कामगारांत संपाची कुजबुज आहे; तो टळला तर वसंतात मॅनेजर करतो म्हणाले.

८ जानेवारी
पहिली मुलाखत. मिसेस कोवाल्स्का, शिलाई खातं, वीस वर्षं मशीनवर. म्हणाली, पाठीमागच्या खिडकीची काच नोव्हेंबरात फुटलीय, बोटं आखडतात, एक दिवस सुई बोटात जाईल. मी नियमाप्रमाणे मान हलवली आणि विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना? ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. मन उघडतं ते असं. कार्डावर घर, नवरा, बालपण, इतर असे चार रकाने आहेत. 'नवरा'मध्ये लिहिलं: मायेची ऊब कमी.

१४ जानेवारी
दाराबाहेर रांग! अकरा बायका. एकीला काही सांगायचंच नव्हतं. अर्धा तास हीटरवर हात ठेवून गप्प बसली आणि थँक्यू म्हणून गेली. केवढा विश्वास!
जेवताना मेबलला सांगितलं. बायको म्हणून तिला कौतुक वाटायला हवं. तर म्हणे, एल्मर, त्या तुझ्यासाठी नाही, हीटरसाठी येतात. हिला मानसशास्त्र कळत नाही. मी वाद घातला नाही, नुसती मान हलवली. ती आणखीच भडकली. घरी पद्धत वापरायची नाही, असा निश्चय.

१७ जानेवारी
सुतार काच बसवायला आला होता. परत पाठवला. काच बसली की बाई बोलायची थांबेल, आणि मनातलं खरं दुःख आतच राहील. हे सुताराला समजावून सांगितलं. तो म्हणाला, साहेब, तुम्ही त्या खिडकीपाशी एकदा बसून बघा. अडाणी माणूस.

२० जानेवारी
सत्तावीस कार्डं, सत्तावीस वेळा 'इतर'मध्ये काच. नऊ वेळा पगारसुद्धा. ही मानसिक साथच आहे. उपाय सापडला: नवी कार्डं छापून घेतली, 'इतर' रकाना काढून टाकला.

२२ जानेवारी
तक्रारी शून्य! साहेबांना आकडा दाखवला. एकदम खूश. मलाही ही पद्धत शिकव म्हणाले. शिकवली: मध्ये बोलायचं नाही, मान हलवायची, शेवटी विचारायचं, आणखी काय आहे मनात? म्हणाले, एवढंच? फुकटच की रे हे.

२८ जानेवारी
मिसेस कोवाल्स्काच्या उजव्या हाताच्या बोटातून सुई आरपार गेली. पाहिलं मी. खोलीत आणली तेव्हा रडली नाही. मी कार्ड घेतलं, पण कोणत्या रकान्यात लिहावं ते सुचेना. वाईट वाटलं. शेवटी 'बालपण'मध्ये लिहिलं.

३१ जानेवारी, सकाळी साडेआठ
मशीनं बंद. बायका जागच्या जागी हाताची घडी घालून बसल्यात. हा संप नव्हे. एवढ्या मुलाखती झाल्यावर संप होऊच शकत नाही. त्या सगळ्यांचं एकदम ऐकून घ्यायला हवंय, इतकंच.

दुपारी दोन
तीन मागण्या आल्या. पगारवाढ. काच. तिसरी, ऐकणाऱ्याला घालवा. तिसरी मी दोनदा वाचली. अक्षर वेडंवाकडं, डाव्या हातानं लिहिलेलं; खाली सही मिसेस कोवाल्स्काची.

३ फेब्रुवारी
साहेबांनी बोलावलं. पगारवाढ अर्धी मान्य, काच पूर्ण मान्य, तिसरी मागणी म्हणजे मी, तीही पूर्ण मान्य. मी वीस मिनिटं बोललो. दहा वर्षांच्या स्टॉपवॉचचा विषय काढला, पुस्तकाच्या तिसऱ्या प्रकरणाचा काढला. साहेब एकदाही मध्ये बोलले नाहीत. मान हलवत राहिले. शेवटी म्हणाले, आणखी काय आहे मनात? जिना उतरताना खरोखर हलकं वाटत होतं.
फाटकाबाहेर आल्यावर लक्षात आलं, ओव्हरकोट खोलीतच राहिला. वॉचमन आत सोडेना. बर्फ पडत होतं. मिसेस कोवाल्स्का फाटकाशी डोनट खात उभी होती, बोटाला पट्टी. मी म्हणालो, मिसेस कोवाल्स्का, फार थंडी वाजतेय, तेवढा माझा कोट आणून देता का?
तिनं डोनट संपवला. मान हलवली. मग अगदी मायेनं विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना?
मी हो म्हणालो. थंडी गेली नाही.