तीस गवंडी आणि माझा पोर्च

६ जानेवारी २०२५, सकाळी ६
आजपासून चिडायचं नाही. देवणी तालुक्यातले तीस गवंडी-मजूर, आठ दिवस, विषय भूकंपरोधक बांधकाम. ट्रेनिंग नीट झालं की जिल्ह्याचा मास्टर ट्रेनर म्हणून माझंच पत्र निघणार. रिटायर झाल्यापासून या पत्रासाठी लातूरला चौदा खेपा घातल्यात. भाषण पाठ आहे.

संध्याकाळी
चिडलो. तीनदाच. भाषण दीड तास छान झालं. निम्मे झोपले. ऑडियन्सला लेव्हलच नाही. मागच्या रांगेत ग्यानोबा मिस्त्री. चार वर्षांपूर्वी माझं घर यानेच बांधलं, म्हणून उगाच ओळख दाखवतो. त्याला डोकं वर काढू द्यायचं नाही.

८ जानेवारी
आज कॉलमची रिंग, म्हणजे उभ्या सळयांना बांधून ठेवणारं कडं. फळ्यावर काढून सांगितलं, तिच्या टोकाचा हूक आत वाकवलाच पाहिजे. नाहीतर हादऱ्यात रिंग उघडते, सळया बाहेर येतात आणि घर खाली बसतं. महामाया नावाची एक बाई आहे, अठरा वर्षं घमेली उचलतेय. तिनं विचारलं, सर, तुमी सवता कवा वाकवली का? हाताला लई जड जातंय. सगळे हसले, ग्यानोबा सर्वांत जास्त. नालायक माणसं! इंजिनिअरनेच सळया वाकवायच्या तर यांनी काय करायचं?

९ जानेवारी
जबरदस्त आयडिया. उद्या सगळ्यांना माझ्या घरी न्यायचं आणि पोर्चच्या कॉलमचा कोपरा फोडायचा. हूक सरळ निघणार, ग्यानोबाची शोभा होणार. शंभर टक्के खात्री, कारण वास्तुशांतीची तारीख जवळ आली तेव्हा मीच त्याला म्हणालो होतो, राहू दे सरळ, कोण बघतंय! पण मिस्त्रीला स्वतःची अक्कल नको? पत्र काढणाऱ्या लातूरच्या साहेबांनाही बोलावलंय. आमची गुरम्मा म्हणते, आपलंच घर कशाला फोडता? बायकोला टेक्निकल काही कळत नाही.

१० जानेवारी, दुपारी
साहेब आले. निष्काळजीपणावर वीस मिनिटं बोललो. ग्यानोबाला मुद्दाम समोर उभं केलं. छन्नी-हातोडा महामायाच्या हातात दिला. पहिली रिंग, हूक आत. दुसरी, आत. मी म्हणालो, अजून फोडा. पाचही आत. माझ्या तोंडून निघून गेलं, अरे, मी सरळ ठेवायला सांगितलं होतं ना!

मग ग्यानोबा म्हणाला, हाव सर, सांगितलं व्हतं. पर वरच्या खोलीत तुमची नात झोपणार व्हती. तुमी जेवाया गेलाव की आमी वाकवून घ्यायचो.

साहेबांनी डायरीत काहीतरी लिहिलं. नात शिवानी वरच्या खिडकीतून बघत होती. लाज वाटली. म्हणजे, ऊनही फार होतं.

१३ जानेवारी
पत्र निघालं. ग्यानोबाच्या नावानं. साहेबांचा फोन आला, पुढच्या ट्रेनिंगला मला हजेरी घ्यायला ठेवतील म्हणे. छत्तीस वर्षं सर्व्हिस केलेल्या माणसाला! स्पष्ट शब्दांत नकार द्यायचं ठरवलं. पाणी प्यालो, परत फोन लावला आणि विचारलं, किती वाजता यायचं?

म्हणाले, ते ग्यानोबा सरांना विचारा.