दाजींच्या भिंतीसाठी पाहिलेली बास गिटार

दाजी,

तुमच्या दोन्ही पायांना नमस्कार (सुजलेल्या डाव्याला जरा लांबूनच). ताईचा गुडघा आता जिना चढू देतो का, ते कळवा. माझं बरं चाललंय.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे ती जुनी बास गिटार पाहून आलो. अख्खी नोकरी दुकानांचे तराजू तपासण्यात घालवलेल्या माणसालाच हे काम सांगावंसं तुम्हाला वाटलं, याबद्दल आभार. आधी वजन केलं: चार किलो साडेतीनशे ग्रॅम (काटा माझा आहे, शंका नको). मग एक डोळा मिटून टोकाकडून गिटारची मान पाहिली, तर मधे किंचित वाकलेली. कोपर टेकतं तिथला रंग उडून लाकूड दिसतंय. आवाजाचं बटण फिरवलं की आत कोणीतरी वाळकी पानं तुडवतंय असं वाटतं. खरं सांगू का, तुमच्या सोफ्यावरच्या भिंतीला हे ध्यान शोभणार नाही.

आता लपवण्यात अर्थ नाही म्हणून सांगतो. मानेच्या बुंध्याशी, आतल्या बाजूला, बनवल्याची तारीख लिहिलेली असते, असं तुम्हीच कळवलं होतं. तराजूचं झाकण उघडायच्या सवयीने मी मागचे चारही स्क्रू काढले. तारा आधी सैल करायच्या असतात हे मला कोण सांगणार? मान टणकन उसळली आणि चहाचा कप घेऊन खाली गेली. तारीख मात्र सापडली, एक्केचाळीस वर्षांपूर्वीची. गिटारच्या मालकीणबाई म्हणाल्या, "अहो, मला विचारायचं ना! मी नवी कोरी घेतली होती."

या बाईंनी तीस वर्षं बँडमध्ये हीच वाजवली. आता बोटं वळत नाहीत, म्हणून विकायला काढली. त्यांनी मला समोर बसवून सगळं परत जोडून घेतलं (दोन तास) आणि म्हणाल्या, "वाजवा आता." मी म्हटलं, मला येत नाही. "मग इतका वेळ तपासलंत काय?" त्यांनी माझं बोट धरून सगळ्यात जाड तारेवर ठेवलं. तो आवाज थेट पोटात शिरला. निवृत्त झाल्यापासून दोन वर्षांत या हातांना कुणी काही शिकवलं नव्हतं. मला चक्क रडू आलं (चहा सांडल्याचंही वाईट वाटत होतंच).

तर माझा अहवाल: नापास. नाद सोडा. त्या भिंतीवर घड्याळ छान दिसेल.

तुमचा मेव्हणा

ता. क. घेणारे ती भिंतीला टांगणार आहेत, हे मी बाईंना प्रामाणिकपणे सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, मग माझी भिंत काय वाईट आहे? तेव्हा तुम्ही स्वतः जाऊन उपयोग नाही.

ता. क. २. शिवाय ती आता तिथे नाही. माझ्या पलंगावर आहे. दर बुधवारी बाईंकडे नेऊन वाजवून दाखवायची, या अटीवर मिळाली. रागावू नका.

ता. क. ३. तुमच्या जिन्याखाली शोभेला ठेवलेला तो जुना ॲम्प्लिफायर बुधवारच्या आत पाठवाल का? न तपासता घेईन.