एसच्या अलीकडे, पलीकडे

ऑटली, यॉर्कशर
९ ऑक्टोबर १९७८

प्रिय थेल्मा,

तू आणि डेस्मंड बरे असाल. इथे माझे गुडघे सोडले तर सगळं ठीक. मनुकांचे बनपाव अजूनही सकाळी दहाच्या आत संपतात.

आपल्या 'सिस्टर्स बेकरी'ची पाटी वसंतात क्लिफर्ड पेंटरकडून रंगवून घेतली. त्यात 'सिस्टर्स'वरची अपॉस्ट्रॉफी, ती मालकी दाखवणारी शेपटी, शेवटच्या एसच्या अलीकडे आली. पूर्वी पलीकडे होती, म्हणजे बहिणींची बेकरी. आता झाली एकाच बहिणीची. बोलताना फरक कळत नाही, पण वाचणाऱ्यांना चांगलाच कळला. तीस वर्षं शाळेत याच शेपटीवरून मुलांचे कान उपटलेली बाई मी! माझा जुना विद्यार्थी नेव्हिल पाव घेता घेता म्हणाला, "बाई, यासाठी मला शंभरदा लिहायला लावलं होतंत. आता बसा तुम्ही लिहीत!" सगळी रांग खिदळली. मी म्हटलं, "क्लिफर्डची चूक, दुसरं काय!"

क्लिफर्डने बिचाऱ्याने ते ऐकून घेतलं. पण गेल्या आठवड्यात चॅपलवाल्यांनी, चुका करतो म्हणून, त्यांच्या प्रार्थनाघराच्या पाटीचं काम त्याच्याकडून काढून घेतलं. तो टोपी हातात धरून आला. "मिस अक्रॉइड, मी खडूने बरोबर आखली होती. तुम्हीच पुसायला लावलीत. माझं नाव कशाला खराब करता?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं. शनिवारी भर रांगेत सांगून टाकलं: चूक क्लिफर्डची नाही, मीच मुद्दाम तसं लिहून घेतलं. बहीण लग्न करून निघाली, तेव्हा मी तिला 'परत तोंड दाखवू नकोस' म्हटलं. मग राहिली एकच. व्याकरण चोख आहे. कुणी हसलं नाही. नेव्हिलने तर पाव न घेताच काढता पाय घेतला.

तुला तसं म्हणणं मात्र चुकलं, थेल्मा. डेस्मंडमध्ये खोट नव्हती. मला एकटं पडायची भीती वाटत होती, आणि ते सांगायचं सोडून मी भांडले.

चॅपलचं काम क्लिफर्डला परत मिळालं. पुढच्या गुरुवारी तो शिडी घेऊन येतोय. म्हणतो, "अपॉस्ट्रॉफी कुठे देऊ ते सांगा." मी म्हटलं, हे मला एकटीला ठरवता येणार नाही.

पत्र लिहिणं जिवावर आलं तर नुसतं कार्ड टाक. त्यावर एक एस लिही आणि वाटेल त्या बाजूला शेपटी दे. अलीकडे दिलीस तरी मी भांडणार नाही.

पत्राखालच्या 'तुझी'ला, इंग्रजीतल्या 'युअर्स'ला, अपॉस्ट्रॉफी लागतच नाही. मुलं उगाच घालायची, मी लाल शाईने खोडायचे.

तुझी,
मॉरीन