उजव्या बाजूचा बैल

३ मार्च १७९८
ड्यूकला लांडग्याने नेलं म्हणे! एल्नेथन सांगतो आणि चुलीपाशी पाय शेकत बसतो. एवढा थोरला बैल, आणि रक्ताचा थेंब नाही, ओढल्याची खूण नाही. बैल गेलेला माणूस मक्याच्या लापशीवर दुसऱ्यांदा काकवी मागून घेतो का? माझ्या नवऱ्याने घेतली.

५ मार्च
ड्यूकचा जोडीदार स्पार्क उरलाय, पण एकट्या बैलावर नांगर चालायचा नाही. पेरलं नाही तर हिवाळ्यात खायचं काय? सासऱ्यांच्या आजोबांनी इंग्लंडातल्या डेव्हनहून जहाजात घालून लाल गाय आणली, तिच्या वंशातली ही जोडी. गोऱ्हे होते तेव्हापासून मी हाताने चारलेत. आणि नवरा ढिम्म!

९ मार्च
शेजारच्या असाहेलकडे नवा बैल आलाय. लाल! असाहेल पश्चिमेला, ओहायोच्या नव्या जमिनीवर राहायला निघालाय, गाडी भरणं चाललंय. म्हणे बाजारातून आणला. डाव्या कानाचं टोक कापलेलं — ही आमच्या घरची खूण. त्याखाली असाहेलच्या घरची खाच, अजून ओली. माझ्याकडे न बघता बोलत होता. मेल्याने चोरलाच.

१० मार्च
एल्नेथनला सांगितलं. म्हणाला, "उगाच शेजाऱ्यावर आळ घेऊ नकोस, हिटी." हा इतका सज्जन कधीपासून झाला?

१२ मार्च
आमचं जू खांद्यावर टाकून असाहेलच्या अंगणात गेले. लहानपणी शिकवलेला बैल आपली बाजू सोडत नाही. ड्यूक उजवा. मुद्दाम जुवाचं डावं टोक त्याच्यापुढे धरलं आणि हाक मारली. त्याने वळसा घातला, उजव्या टोकाखाली मान घालून उभा राहिला. मला रडूच आलं.

वाटलं, आता असाहेल चिडेल. तो चिडला नाही. "चोरला नाही गं. तुझ्याच नवऱ्याने दिलाय. माझ्या गाडीतल्या जागेच्या बदल्यात."
"किती जागा?"
तो बैलाच्या पाठीवर हात फिरवत राहिला. मग म्हणाला, "एक."

१३ मार्च
एल्नेथन कबूल झाला. आधी जाऊन जमीन बघणार, मग मला बोलावणार — असं म्हणतो. "आपल्या पोरीचं थडगं सोडून तू आली असतीस का?"
"विचारलं होतंस?"
त्याने चुलीत लाकूड सारलं. बोलावीन म्हणतो, पण कधी ते सांगत नाही. बूट मात्र नवे शिवून घेतलेत. माझा काडीचा विश्वास नाही.

१५ मार्च
सकाळी पोरीपाशी बसून आले. पुष्कळ रडले. मग स्पार्कला मीच हाकत असाहेलकडे नेलं. तो आपणहून ड्यूकच्या डाव्या अंगाला जाऊन उभा राहिला.

स्पार्कच्या बदल्यात मलाही गाडीत जागा मिळाली. मागच्या फळीवरची मागून घेतली. तिथून एल्नेथनवर नजर राहील.