ती 'जाते' म्हणाली

मंगळवार संध्याकाळ, १४ ऑक्टोबर. यिशुन, सिंगापूर.

मुक्ताचा फोन येऊन गेल्यापासून कशात लक्ष लागत नाही. कंबोडियात ती काम करते त्या गावाने सभा घेऊन विहिरीची जागा ठरवली. उद्या सगळे मिळून ती आखायला जाणार, मुक्ताही सोबत. वाटेच्या दोन्ही बाजूंना लाल खुंट्या आहेत. त्यांच्या पलीकडे लढाईतले सुरुंग अजून जमिनीत आहेत.

"पुराच्या पाण्याने सुरुंग सरकतात गं. मी वाचलंय."

"आई, लायब्ररीतली पुस्तकं कमी कर! पुढे गावातल्या आजी चालतात, त्यांना वाट ठाऊक आहे. डोन्ट वरी. चल, जाते."

जाते! निघताना 'येते' म्हणावं, हे या मुलीला किती वेळा सांगितलं. आणि सरकलेल्या सुरुंगाला लाल खुंट्या कुठे कळतात?

पण तिचे बाबा? तुआसला कामावर निघताना रोज 'येतो' म्हणायचे. त्या शेवटच्या सकाळीही म्हणाले होते. मग त्या शब्दात काय आहे? काही नाही. कळतं मला. तरी पुन्हा फोन लावला.

"'येते' म्हण."

"येते, बाई, येते! हॅपी?"

म्हणाली. अगदी बाबांसारखं, हसत हसत.