पाच टक्क्यांचा सूड

७ जुलै, सकाळी
ठरलं. व्हर्नला सोडायचं नाही. इतके हिवाळे गोठलेल्या तळ्यावर शेजारी बसून मासे धरले, आणि त्याने स्वतःच्या कॅफेत, माझ्यादेखत सगळ्यांना सांगितलं, एल्डनचा तो वॉलाय मासा फोटोत मोठा दिसतो कारण एल्डन हात लांब करून धरतो. सगळे मला हसले. तेव्हापासून मी त्याच्याशी बोलत नाही. गुड मॉर्निंग म्हणतो, हवापाण्याचं विचारतो, नाश्ता त्याच्याकडेच करतो. बाकी पूर्ण अबोला.

८ जुलै
देव आहे. कॅफेच्या छपरावरचा जुना एसी बंद पडला. क्रेनने नवा चढवणार. माझं बूट-दुरुस्तीचं दुकान आणि त्याचं कॅफे एकाच सपाट छपराखाली. तेव्हा लक्ष घालायचा मला हक्क आहे.

वर जाऊन टेहळणी केली. हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यावर नेऊन आत बसून मासे धरायची माझी लाकडी खोपटी वरच असते. उन्हाळ्यात अंगणात ठेवली की पालिका नोटीस देते, म्हणून वसंतात क्रेनने वर चढवली. आतल्या लोखंडी शेगडीवर पाय टेकून दुर्बीण लावली. नवं यंत्र खाली पार्किंगमध्ये उभं. जुन्याहून थोराड. उंचही.

९ जुलै
लायब्ररीतल्या बाईंनी नियम काढून दिला. नव्या यंत्रामुळे छपराच्या तुळयांवरचा भार पाच टक्क्यांहून जास्त वाढला, तर तुळया तो पेलतात हे दाखवा, नाहीतर त्या मजबूत करा. उंच यंत्राच्या आडोशाला बर्फ साचतं, तेही हिशेबात धरा. मिनेसोटाचं बर्फ! व्हर्न मेला. टक्केवारी मला पक्की येते. ती शिकवली, त्याच वर्षी शाळा सुटली.

१० जुलै
पालिकेत तक्रार. इन्स्पेक्टर मार्लिस टोफ्ट, माझ्या मुलीच्या वयाची. म्हटलं, नाव गुप्त ठेवा. म्हणाली, ठेवते, पण तुमच्या टोपीवर दुकानाचं नाव आहे. टोपी काढली. म्हणाली, तपासायचं तर सगळं छप्पर तपासावं लागेल, चालेल ना? म्हटलं, कोपरा न कोपरा तपासा!

११ जुलै
काम थांबलं. क्रेन रिकामी परत. विजय! व्हर्न दारात मान पुसत उभा. विचारलं, काय रे झालं? म्हणाला, कुणीतरी तक्रार केलीय. म्हटलं, काय एकेक लोक असतात! त्याने बर्फ घातलेली कॉफी पुढे केली. इथल्या रीतीप्रमाणे दोनदा नको म्हटलं, तिसऱ्यांदा घेतली. शत्रूची कॉफी. थंड होती.

१३ जुलै, दुपारी
दुकानाची भट्टी झाली आहे. व्हर्नच्या एसीची एक नळी माझ्याकडेही येते. हे मी विसरलो नव्हतो. दुर्लक्ष केलं होतं. डिंक वितळतोय, बुटांचे तळ चिकटत नाहीत. सूड म्हटला की थोडा घाम आलाच.

१६ जुलै
तपासणी. मार्लिस, व्हर्न आणि मी शिडीने वर. व्हर्नने इंजिनिअरकडून हिशेब आधीच करून घेतलेला. खालून तुळयांना पोलादी जोड दिलेले. बर्फसुद्धा धरलेलं. मार्लिस म्हणाली, उत्तम. लाच दिली असावी. मग ती माझ्या खोपटीकडे वळली. म्हणाली, हे काय? म्हटलं, बसायची जागा, वजन ते काय! तिने दार उघडलं. शेगडी, गळाला लावायचे शिशाचे गोळे, जुनी बॅटरी, आणि खोपटी वाऱ्याने उडू नये म्हणून वाळूच्या गोण्या. ती गुडघ्यावर बसली, छपराला हात लावला. म्हणाली, एल्डन, इथे खोलगट झालंय. खालची तुळई वाकली आहे. ही खोपटी उतरून तुळई सरळ होईपर्यंत तुमचं दुकान बंद.

उतरताना व्हर्नने माझ्यासाठी शिडी धरली. हे त्याचं सगळ्यात वाईट.

१७ जुलै
दुकान बंद. गिऱ्हाइकांचे बूट आत, मी बाहेर बाकावर. क्रेनवाला म्हणाला, नुसत्या खोपटीसाठी या महिन्यात येणार नाही. आता कुणापुढे हात पसरणार? व्हर्नपुढे तर मुळीच नाही. तो बाकावर येऊन बसला. म्हणाला, उद्या माझी क्रेन येतेच आहे, जाताना तुझी खोपटी उतरवेल. म्हटलं, नको रे, राहू दे. तो म्हणाला, अरे उतरवू. म्हटलं, उगाच तुला त्रास. आणि तो उठला! तिसऱ्यांदा न विचारता! आतून ओरडला, दोनच वेळा पुरे झालं आता, म्हातारे झालो आपण!

१८ जुलै
व्हर्नचा एसी वर गेला, माझी खोपटी खाली आली. खाली येताना व्हर्न ओरडला, एल्डन, हात लांब कर, मोठी दिसेल! क्रेनवालाही हसला. गावात ठेवता येत नाही, म्हणून ती व्हर्नच्या शेतावर गेली.

तिथे त्याने आत डोकावून पाहिलं. म्हणाला, दोन स्टुलं ठेवलीस? म्हटलं, एक पाय ठेवायला. म्हणाला, त्यावर माझं नाव आहे अजून. म्हटलं, खरवडायला सवड झाली नाही.

तुळई सरळ केली की दुकान उघडेल. सूड रद्द नाही, तळं गोठेपर्यंत पुढे ढकलला आहे. खोपटीची किल्ली व्हर्नकडे आहे.